दत्तसाहेब सज्जन होते, पण खासदार म्हणून?

मागच्या अंकात, २५ मेच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, अभिनेते आणि काँग्रेसचे खासदार सुनील दत्त यांच्यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यात मी म्हटलं होतं, ‘पडद्यावरून राजकारणात आलेल्यांत इतका सज्जन माणूस मी दुसरा पाहिला नाही, पण त्यांच्या खासदारकीने मुंबईचं राजकारण फारसं बदललं नाही.’ या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळची सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. निम्म्या लोकांना वाक्याचा पहिला भाग झोंबला, निम्म्यांना दुसरा. एका काकांनी तर दोन्ही भागांवर वेगवेगळी पोस्टकार्डं धाडली आहेत.

आधीच सांगते, मी पार्ल्याची. म्हणजे दत्तसाहेब पाच वेळा निवडून आले त्या वायव्य मुंबई मतदारसंघाची तेव्हाची मतदार. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

‘ताई, १९८४ साली राम जेठमलानींसारखा संसदपटू आपण पाडला आणि एका नटाला दिल्लीला पाठवलं. त्याची आपल्या मतदारसंघाला लाज वाटायला नको का?’ – एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले (पूर्व)

काका, जेठमलानींना आपण १९७७ ला निवडून दिलं ते आणीबाणीचा राग म्हणून. समोर होते ह. रा. गोखले, आणीबाणीतले कायदामंत्री. माझं ते पहिलं मत. १९८० ला जेठमलानी पुन्हा आले. तरीही खरं सांगा, या सात वर्षांत त्यांना आपल्या गल्लीत कितीदा पाहिलंत? संसदेत ते गाजत, पेपरात गाजत, कोर्टात गाजत. आपल्याकडचं गटार तुंबलं की मात्र आपण नगरसेवकाकडे धावत होतो.

१९८४ ची लाट होतीच. इंदिराजींची हत्या ३१ ऑक्टोबरला झाली आणि डिसेंबरात मतदान. त्या लाटेत अलाहाबादला अमिताभ बच्चन आले, मद्रासला वैजयंतीमाला आल्या, इकडे दत्तसाहेब आले. आमच्या घरात त्या निवडणुकीत सरळ फाळणी झाली होती. सासरे जनसंघापासूनचे, सकाळी सातलाच मतदान करून आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. सासूबाई आणि मी दुपारी गेलो. रांगेत पुढे-मागे सगळ्या बायकाच, आणि विषय एकच, नर्गिस. त्यांना जाऊन तीन-साडेतीन वर्षं झाली होती. ‘बायकोचं आजारपण त्याने कसं काढलं बघा’ हे वाक्य त्या रांगेत कितीदा ऐकलं असेन! पंजावर शिक्का मारताना सासूबाईंच्या मनात काँग्रेस नव्हतीच.

पण काका, तुमचा मुद्दा पुढे टिकत नाही. बच्चन १९८७ मध्येच राजीनामा देऊन सिनेमात परतले. दत्तसाहेब १९८९ ला पुन्हा उभे राहिले. तेव्हा देशात काँग्रेस आपटली होती आणि मुंबईत शिवसेना-भाजप युतीची हवा होती. तरी ते निवडून आले. १९९१ लाही आले. तोवर हिरो म्हणून त्यांचे दिवस केव्हाच सरले होते. नुसत्या चेहऱ्यावर कुणी तीनदा मत देत नाही. आणि पार्लेकर तर नाहीच नाही, आम्ही फार चिकित्सक लोक.

‘मुंबई ते अमृतसर पदयात्रेचं एवढं कौतुक का? पंजाबातला दहशतवाद पदयात्रेने थोडाच संपला?’ – वाचक, नाशिक

नाही संपला. १९८७ मध्ये दत्तसाहेब मुलगी प्रियाला आणि कार्यकर्त्यांना घेऊन सुमारे दोन हजार किलोमीटर चालत सुवर्णमंदिरापर्यंत गेले. त्याने एकही बंदूक खाली पडली नाही. पण ती चाल कुणी काढली ते बघा. १९८४ च्या जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर घुसवणारं सरकार काँग्रेसचं. त्याच नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हाही सरकार काँग्रेसचंच, आणि आरोप पक्षाच्याच पुढाऱ्यांवर. त्या पक्षाचा एक खासदार पायी चालत त्याच मंदिराच्या दारात जातो, याचा अर्थ पंजाबातल्या माणसाला कळला असणार. संसदेत उभं राहून काँग्रेसच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती ऑगस्ट २००५ मध्ये, मनमोहनसिंगांनी. दत्तसाहेब त्याच्या तीन महिने आधी गेले होते.

शिवाय हा माणूस झेलम जिल्ह्यातल्या खुर्द गावचा. फाळणीत घरदार सोडून आलेला. वडिलांच्या एका मुस्लीम स्नेह्याने आपल्या कुटुंबाला आसरा देऊन वाचवलं, हे ते मुलाखतींत सांगत. अशा माणसाला धर्माच्या नावावरची मारामारी बघवत नसेल, तर मला ते नाटक वाटत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्याच १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ले विधानसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेने डॉ. रमेश प्रभू यांना उभं केलं आणि उघड हिंदुत्वावर मतं मागितली. बाळासाहेबांची ती भाषणं पुढे कोर्टात गेली. हायकोर्टाने निवडणूक रद्द ठरवली, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला आणि बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. म्हणजे मुंबईच्या राजकारणाची कूस जिथे बदलली ती जागा दत्तसाहेबांच्या मतदारसंघात होती, त्यांच्या पाली हिलच्या घरापासून दोन-तीन स्टेशनं पुढे. त्या सभा मी आमच्या गॅलरीतून ऐकल्या आहेत. लाऊडस्पीकरचं तोंड नेमकं आमच्या बिल्डिंगकडे असायचं. समोरच्या बाजूने उत्तर देणारा आवाज तेवढ्या जोराचा नव्हता. काँग्रेस ती निवडणूक हरली, आणि त्या हरण्यातून ती काही शिकल्याचं पुढे दिसलं नाही. अमृतसरपर्यंत चालणं थोर होतं. पण पार्ल्याच्या नाक्यानाक्यावर रोज संध्याकाळी उभं राहून बोलणारी माणसं तयार करणं हे जास्त अवघड काम, आणि ते झालं नाही.

‘९२-९३ च्या दंगलीत दत्तसाहेब आमच्या वस्तीत आले होते, हे आम्ही विसरणार नाही. पण नंतर मुलासाठी त्यांनी “मातोश्री”ची पायरी चढली. आमच्यातली कितीतरी पोरं टाडात सडली, त्यांच्यासाठी कोण गेलं? तुमच्या टिपणात याबद्दल एक अक्षर नव्हतं.’ – एक वाचक, जोगेश्वरी

बरोबर आहे. ते दोन परिच्छेदांत मावणारं नव्हतं. आज जागा आहे.

घटनांचा क्रम आधी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने, ९०० माणसं मेली. राज्यात सुधाकरराव नाईकांचं सरकार, केंद्रात नरसिंह रावांचं. दोन्ही काँग्रेसची. सरकार लोकांना वाचवत नाही म्हणून निषेधादाखल दत्तसाहेबांनी खासदारकीचा राजीनामा दिला. पक्ष सोडला नाही. मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट, २५७ मृत्यू. आणि एप्रिलमध्ये संजय दत्तला अटक, घरात एके-५६ ठेवल्याबद्दल, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली. जामीन मिळाला, जुलै १९९४ मध्ये तो रद्द झाला आणि पोरगा पुन्हा तुरुंगात. शेवटी ऑक्टोबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन दिला. मधल्या काळात, मार्च १९९५ मध्ये, राज्यात युतीचं सरकार आलेलं. स्वतःच्या पक्षातल्या लोकांनी पाठ फिरवली आणि दत्तसाहेब बाळासाहेबांकडे गेले. बाळासाहेबांनी संजयची बाजू जाहीरपणे घेतली.

आता यावर दोन तऱ्हेची माणसं मला पत्रं लिहितात. एक म्हणतात, सौदा झाला. कारण १९९६ आणि १९९८ ला दत्तसाहेब उभेच राहिले नाहीत आणि जागा शिवसेनेच्या मधुकर सरपोतदारांकडे गेली. सौद्याचा पुरावा कुणीही दाखवलेला नाही, तेव्हा तो शब्द मी वापरणार नाही. पोटचा पोरगा आत असताना माणसाला प्रचाराच्या जीपवर उभं राहून हात हलवायचा उत्साह राहत नाही, एवढंही कारण पुरे आहे. दुसरे म्हणतात, बाप होता तो, बापाने काय करायचं? त्यांच्याशी मी सहमत आहे. बाप म्हणून ते कुठल्याही दारात गेले असते तरी मी बोट दाखवलं नसतं. पुढे टाडा कोर्टानेही संजयला दहशतवादाच्या आरोपातून सोडलं आणि शिक्षा दिली ती शस्त्रास्त्र कायद्याखाली. आधी सहा वर्षं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाच केली. म्हणजे ‘माझा मुलगा अतिरेकी नाही’ हे बापाचं म्हणणं कोर्टात टिकलं. ‘त्याने गुन्हाच केला नाही’ हे टिकलं नाही.

पण ते नुसते बाप नव्हते, खासदार होते. टाडा आला १९८५ मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने आणला. दत्तसाहेब तेव्हा सत्ताधारी बाकांवर बसत होते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरायचा आणि जामीन जवळजवळ द्यायचाच नाही, असा तो कायदा. सुरुवातीला पंजाबसाठी, मग हळूहळू सगळीकडे. १९९४ पर्यंत देशभरात ७५ हजारांच्या वर माणसं त्याखाली आत गेली होती. शिक्षा झाली ती अगदी मूठभरांना. ज्या दिवशी स्वतःच्या घरात तो कायदा शिरला, त्या दिवशी दत्तसाहेबांएवढं त्याबद्दल बोलायचा अधिकार देशात कुणालाच नव्हता. जोगेश्वरीच्या, बेहरामपाड्याच्या, मालाडच्या ज्या आया तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभ्या राहत, त्यांचं दुःख त्यांना आतून कळलेलं होतं. टाडाविरुद्ध देशात जी ओरड झाली आणि १९९५ मध्ये तो कायदा संपला, त्या लढाईत त्यांचं नाव पुढे यायला हवं होतं. ते येत नाही. लढाई एका मुलासाठी झाली. तुमचा प्रश्न तिथे उभा आहे आणि त्याला माझ्याकडे त्यांच्या बाजूने देता येईल असं उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट मला याहून जास्त सलते. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. युती सरकारने तो फेटाळला. पुढच्या वर्षी काँग्रेस-राष्ट्रवादी सत्तेवर आले ते ‘अहवालाची अंमलबजावणी करू’ असं सांगून. त्याच वर्षी दत्तसाहेब सरपोतदारांना हरवून परत लोकसभेत गेले, तुमच्या-आमच्या मतांवर. राज्यात आपलं सरकार, दिल्लीत आपली जागा, हातात अहवाल. आणि कारवाई रखडली ती रखडलीच. दंगलीत राजीनामा देणाऱ्या माणसाकडून मला तेव्हा दुसरा राजीनामा हवा होता.

‘बाई, टीका करणं सोपं आहे. आमच्या बार्शीतल्या कॅन्सर हॉस्पिटलला नर्गिस दत्त यांचं नाव आहे. तिथे बरे होऊन गेलेल्यांना विचारा दत्तसाहेब कोण होते ते.’ – वाचक, बार्शी

विचारायची गरज नाही, मान्य आहे. आमच्या मजल्यावरच्या काकूंना स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांचा मुलगा खासदारांच्या ऑफिसात गेला होता. तिथून त्याला मिळालेलं पत्र मी पाहिलंय. अशोकस्तंभाचं लेटरहेड, इंग्रजीत टाइप केलेल्या चार ओळी, एका अक्षरावर पांढरी शाई लावून केलेली दुरुस्ती आणि खाली निळ्या पेनाची सही. त्या काळात खासदाराकडे लोक जात ते गॅसच्या कुपनासाठी, टेलिफोनच्या कोट्यासाठी, नाहीतर मे महिन्यात रेल्वेच्या तिकिटासाठी. आजारपणाचे कागद तिथे आधी बघितले जात, असं तो मुलगा सांगायचा. काकू पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर दत्तसाहेबांचा पेपरातून कापलेला फोटो होता आणि त्यांच्यासमोर काँग्रेसबद्दल वाकडं बोललेलं चालायचं, दत्तसाहेबांबद्दल नाही.

‘शेवटी पक्षाने त्यांना काय दिलं?’ – वाचक, अंधेरी (पश्चिम)

क्रीडा आणि युवक कल्याण खातं. २००४ मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीत.

त्या निवडणुकीत त्यांनी शिवसेनेच्या संजय निरुपम यांना हरवलं होतं. वर्षभरात निरुपम काँग्रेसमध्ये दाखल झाले. ज्याच्याशी आपण लढलो तोच आता आपल्या व्यासपीठावर, हे दत्तसाहेबांना सहन झालं नाही. त्यांनी सोनिया गांधींना नाराजीचं पत्र लिहिलं. केंद्रातला मंत्री, पाच वेळचा खासदार, आणि पक्षाने या प्रवेशाबद्दल त्यांचं म्हणणं विचारात घेतलं नाही. मे महिन्यात ते गेले. निरुपम पुढे काँग्रेसचे खासदार झाले, मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले. पत्र लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला नव्हता.

मी ‘राजकारण बदललं नाही’ म्हटलं ते याच अर्थाने. दत्तसाहेब पक्षात लग्नघरातल्या मानाच्या पाहुण्यासारखे राहिले. पहिल्या पंगतीला बसवत, पण आमटीत मीठ किती हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. त्यांचा गट नव्हता. महापालिकेत ‘दत्तांची माणसं’ म्हणून ओळखले जाणारे पाच नगरसेवकही मला आठवत नाहीत. गटबाजी वाईट म्हणून आपण नाक मुरडतो, पण पक्षात माणसं पाठीशी नसली की तुमच्या सदसद्विवेकाचं वजन एका पत्राएवढंच राहतं. मनाला पटलं नाही की चालत निघायचं, राजीनामा द्यायचा, पत्र लिहायचं. पक्ष तोवर थांबायचा आणि पुढे त्याला हवं तेच करायचा. सज्जन माणसांना पक्षसंघटना गलिच्छ वाटते. ती तशी असतेही. म्हणून ती दुसऱ्यांच्या हातात जाते.

‘दत्तसाहेबांनी चांगली भूमिका कुठल्या सिनेमात केली, राजकारण सोडून सांगा!’ – वाचक, कोल्हापूर

‘मुझे जीने दो’. डाकू. पुढचा प्रश्न.

‘प्रिया दत्त यांच्याबद्दल लिहिलं नाहीत. की घराणेशाहीवर बोलायचं नाही, असं ठरवलंय?’ – वाचक, सांताक्रूझ

ठरवलं काही नाही. २००५ ची पोटनिवडणूक त्या जिंकल्या, ती वडिलांच्या पुण्याईवर, हे त्याही नाकारणार नाहीत. नंतर मतदारसंघांची फेररचना झाली, आमचं पार्लं उत्तर मध्य मुंबईत गेलं आणि २००९ ला त्या तिथून आल्या. काम करत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पण गट वडिलांना नव्हता तसा मुलीलाही नव्हता. २०१४ ला पूनम महाजनांनी त्यांना हरवलं, २०१९ लाही. दत्तांच्या मुलीला महाजनांच्या मुलीने हरवलं, म्हणजे घराणेशाही संपली असं समजून ज्यांनी पेढे वाटले त्यांना माझा नमस्कार.

खरी गंमत पुढची. २०२४ ला भाजपने पूनम महाजनांचं तिकीट कापलं आणि आमच्याकडे उमेदवार दिले उज्ज्वल निकम. होय, तेच. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातले सरकारी वकील, ज्यांनी कोर्टात संजय दत्तविरुद्ध सरकारची बाजू मांडली. प्रचारात त्या खटल्याचा उल्लेख होणारच होता, झाला. निकम हरले. जिंकल्या काँग्रेसच्या वर्षा गायकवाड, माजी खासदार एकनाथ गायकवाड यांच्या कन्या. सांताक्रूझचे वाचकमित्र, तुमच्या घराणेशाहीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मतदारसंघाने असं दिलंय. आवडलं नसेल तर पुढच्या वेळी मतदानाला या, गेल्या खेपेला तुमच्या भागातल्या बूथवर रांगच नव्हती असं माझी भाची सांगत होती.

पुढच्या अंकात पुन्हा नेहमीचे विषय. पोस्टकार्डवाल्या काकांनी तिसरं कार्ड धाडू नये, दोन्ही पोचली आहेत.